कोंबड्यांची सांथ आणि त्या हाताळणारा गडी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं शेतीस जोडधंदा म्हणून कुक्कुटपालन पत्करिलें आहे. बर्ड फ्ल्यूची सांथ आली म्हणजे मालक कोंबड्यांचा हिशेब करितो. परंतु ज्या गड्यानें त्या मेलेल्या कोंबड्या उचलल्या त्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

सन २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें ही सांथ भारतांत प्रथम निश्चित झाली व लक्षावधि कोंबड्या माराव्या लागल्या. माणसांत रोग आढळला नाहीं, हें सुदैव होय. पण त्यावरून निर्धास्त होणें बरें नव्हे. हाँगकाँग येथें १९९७ सालीं १८ माणसांस हा रोग जडून ६ दगावलीं होतीं.

रोगाचें बीज पक्ष्याच्या विष्ठेंत, लाळेंत व नाकाच्या स्रावांत असतें. शेडमधील तूस उपसतांना, पिसें उपटतांना जी धूळ उडते तिजबरोबर तें नाकाडोळ्यांत जातें. कधीं कधीं डोळे येणें एवढेंच लक्षण दिसतें, आणि गडी तें धुळीवर ढकलतो. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत २०२४ च्या जुलैंत कोंबड्या मारण्याच्या कामावरील कांहीं मजुरांस ही बाधा झाली. शेडमधील उष्मा असह्य व पंख्यांचा वारा मोठा, त्यामुळें मुखपट्टी व चष्मा नीट राहीना. आमच्याकडील वैशाख ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं काम पहाटे काढावें व पाळ्या लहान ठेवाव्या.

हातमोजे, चष्मा, मुखपट्टी व साबण यांचा खर्च मालकाचा, गड्याचा नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. कोणी कोणत्या दिवशीं काम केलें तें वहींत टिपावें. कारण शेवटच्या संपर्कानंतर दहा दिवस त्याच्या प्रकृतीवर लक्ष ठेवावें लागतें. ताप, खोकला आला वा डोळे आले तर त्यास तत्काळ डॉक्टरकडे न्यावें व तो कोंबड्यांच्या कामावर होता हें आवर्जून सांगावें. ऑसेल्टामिव्हिर हें औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक गुण येतो.

राहिली गोष्ट वर्दीची. एकाएकीं मरतूक सुरू झाली म्हणजे कित्येक मालक उरलेले पक्षी रातोरात विकतात, मेलेले ओढ्यांत टाकतात. त्यांची भीति आम्ही जाणतों. कचेरींत हयात गेल्यामुळें पंचनाम्याची दिरंगाई आम्हांस परिचयाची आहे. परंतु भरपाई सरकारनें मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधींच मेलेल्यांची नाहीं. तेव्हां प्रत्येक दिवसाचा विलंब मालकाच्याच अंगावर येतो. वर्दी पशुवैद्यकीय दवाखान्यांत लेखी द्यावी, पोंच घ्यावी, आणि तोंवर मेलेल्या पक्ष्यास उघड्या हातानें कोणास शिवूं देऊं नये.