फोटो काढा आणि नाव लिहून ठेवा

तुमच्या घरात आजीचा फोटो आहे का? पणजोबांचा आहे का? पुष्कळ घरांत नसतो. असला तर एखादाच असतो. तोही लग्नातला, नाहीतर ओळखपत्रावरचा. ओळखपत्रावरच्या फोटोत आपलंच माणूस ओळखू येत नाही. डोळे ताठ, ओठ घट्ट मिटलेले, मान आखडलेली. माणूस गेलं की तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावतात. मग नातवंडं विचारतात, "आजी अशी रागीट होती का गं?" आजी रागीट नव्हती. शेंगा फोडताना ती गोष्टी सांगायची आणि मध्येच हात थांबवून हसायची. पण ते हसणं कोणी टिपून ठेवलं नाही.

पूर्वी याला इलाज नव्हता. फोटो काढायचा म्हणजे तालुक्याला जायचं, चांगले कपडे घालून स्टुडिओत बसायचं, पैसे मोजायचे. आता खेडोपाडी मोबाइल फोन आले आहेत. त्यांत कॅमेरा असतो. एक फोटो काढला काय अन् दहा काढले काय, खर्च वाढत नाही. तेव्हा फोटो कशाचा काढावा, कसा काढावा आणि काढल्यावर काय करावं, ते आपण या पाठात पाहू.

फोटो निघतो कसा?

भर दुपारी खोलीची दारं-खिडक्या बंद करा. आत काळोख झाला पाहिजे. दाराला बारीक भोक असेल तर समोरच्या भिंतीवर बाहेरचं चित्र उमटतं. ते फिकट असतं आणि उलटं असतं. बाहेर गाय उभी असेल तर भिंतीवर तिचे पाय वर आणि पाठ खाली दिसते. असं का होतं? उजेड सरळ रेषेत जातो. गाईच्या पाठीवरून आलेला उजेड भोकातून तिरपा खाली जातो. पायांकडून आलेला उजेड तिरपा वर जातो.

कॅमेरा म्हणजे अशीच एक अंधारी डबी. भोकाच्या जागी भिंग बसवलेलं असतं, म्हणून चित्र स्पष्ट उमटतं. पण भिंतीवरचं चित्र उजेड गेला की पुसलं जातं. ते धरून कसं ठेवायचं? चांदीपासून केलेल्या काही पदार्थांवर उजेड पडला की ते काळे पडतात. या गुणाचा उपयोग करून फ्रान्स देशातल्या लोकांनी चित्र धरून ठेवण्याची युक्ती काढली. मोबाइलमध्ये चांदीचं हे काम उरलेलं नाही. त्यात लाखो बारीक ठिपके असतात. आपल्यावर किती उजेड पडला ते प्रत्येक ठिपका आकड्यात सांगतो. त्या आकड्यांवरून फोन चित्र तयार करतो.

पॅरिसचा अनोळखी माणूस

ही गोष्ट १८३८ सालची आहे. फ्रान्सची राजधानी पॅरिस. तिथे लुई दागेर नावाचे गृहस्थ होते. त्यांनी उंचावरच्या खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो काढला. त्या वेळी एका फोटोला कित्येक मिनिटं लागत. रस्त्यावर माणसांची आणि घोडागाड्यांची वर्दळ होती. पण चालतं माणूस एका जागी टिकत नाही, म्हणून फोटोत ते उमटलंच नाही. सगळा रस्ता मोकळा दिसतो.

फक्त कोपऱ्यात एक माणूस दिसतो. तो बुटाला पॉलिश करून घेत होता. एक पाय पुढे ठेवून तो तेवढा वेळ थांबला, म्हणून उमटला. त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवालाही अंधुक दिसतो. ज्यात माणूस दिसतो असा, आज माहीत असलेला, सर्वांत जुना फोटो हाच असं मानतात. यात राजा नाही, सेनापती नाही. रोजचं काम करणारा एक माणूस आहे आणि घटकाभर थांबलेला दुसरा.

आता विचार करा. हा फोटो जगभर पोहोचला. पुस्तकांत छापला गेला. पण ते दोघे कोण होते, हे कोणालाच ठाऊक नाही. त्यांची नावं त्या वेळी कोणी लिहून ठेवली नाहीत. आता ती कळण्याचा मार्ग नाही.

हौशी लोकांच्या हाती कॅमेरा

पुढे ही विद्या आपल्याकडे लवकरच आली. मुंबईत १८५४ साली फोटो काढणाऱ्यांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे डॉक्टर होते आणि फोटोही काढीत. पण तेव्हाचं सामान जड होतं. काचा, औषधं, तिपाई, सगळंच वागवावं लागे. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक नावाचा हातात मावणारा कॅमेरा विकायला आणला. त्यात १०० फोटोंची गुंडाळी भरलेली असे. गुंडाळी संपली की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. तिथून फोटो तयार होऊन येत. तेव्हापासून ज्याला ही विद्या शिकलेली नाही, तोही हौसेनं फोटो काढू लागला.

फोटो कशाचा काढावा?

आम्ही पाहतो, लोक लग्नात, जत्रेत, वाढदिवसाला भरपूर फोटो काढतात. सगळे ओळीनं उभे राहतात आणि कॅमेऱ्याकडे बघतात. हे फोटोही हवेत. पण आयुष्यातले बहुतेक दिवस साधे असतात. त्या साध्या दिवसांतही काही क्षण थांबून बघण्यासारखे असतात. बांधावर बसलेला शेतकरी ढगांकडे बघतो आहे. पेरावं की थांबावं, हा हिशेब त्याच्या कपाळावर दिसतो. भाकरी थापता थापता आईचा हात थांबला आहे. परगावी शिकणाऱ्या मुलाची तिला आठवण झाली असेल. आजोबा चष्मा नाकावर ओढून पत्र वाचताहेत. असे फोटो पाहिले की माणसाचं मन कळतं.

बायकांची कामं तर डोळ्यांसमोर असून दिसत नाहीत. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात १० राज्यांतल्या खेड्यांत काम करणाऱ्या बायकांचे फोटो काढले. त्यांचं प्रदर्शन केलं. लावणी, वेचणी, वीटभट्टी, डोक्यावरचं ओझं, अशी कामं फोटोत पाहिली म्हणजे घर आणि शेत कोणाच्या कष्टावर उभं आहे ते समजतं. आपल्या घरातल्या बायकांचा कामावरचा एक तरी फोटो आपल्याजवळ आहे का, हे ज्यानं त्यानं पाहावं.

कसा काढावा?

१. आधी भिंग मऊ फडक्यानं पुसा. हाताचं तेल लागलं असेल तर फोटो धुरकट येतो.

२. उजेड पाहा. भर दुपारी डोळ्यांखाली काळी सावली पडते. सकाळी किंवा दिवस कलल्यावर फोटो काढा. घरात असाल तर माणसाला दाराजवळ बसवा. दारातून येणारा उजेड तोंडावर पडू द्या.

३. जवळ जा. लांबून काढलेल्या फोटोत माणूस मुंगीएवढा दिसतो.

४. माणसाच्या मागे काय आहे ते पाहा. नाहीतर विजेचा खांब डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो.

५. हात स्थिर ठेवा. कोपर अंगाला टेकवा.

६. घाई करू नका. "इकडे बघा, हसा," असं म्हणू नका. माणसाला त्याचं काम करू द्या. थोड्या वेळानं ते कॅमेरा विसरतं. मग बटण दाबा.

विचारल्याशिवाय काढू नका

"आजी, तुमचा फोटो काढू का?" असं आधी विचारावं. आजी नको म्हणाल्या तर फोन खिशात ठेवावा. मूल असेल तर त्याच्या आईबापाला विचारावं. कोणी रडत असेल, आजारी असेल, दारू पिऊन पडला असेल, तर त्याचा तमाशा करू नये. घरचा फोटो दहा जणांना पाठवायचा असेल तर पुन्हा विचारावं. एकदा गेलेला फोटो परत बोलावता येत नाही.

आणि नाव लिहा

आता सर्वांत महत्त्वाचं काम. हे काम कॅमेरा करू शकत नाही. ते तुम्ही करायचं आहे, कारण तुम्हांला आता लिहिता येतं.

फोन पाण्यात पडतो, हरवतो, बिघडतो. म्हणून वर्षातून चार-पाच चांगले फोटो निवडा आणि तालुक्याच्या स्टुडिओतून कागदावर काढून आणा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं, न दाबता, लिहा. पेन्सिल उमटत नसेल तर चिठ्ठीवर लिहून ती फोटोबरोबर ठेवा. काय लिहावं? माणसाचं पूर्ण नाव. गाव. तारीख. आणि ते काय करत होतं, याची एक ओळ. नमुना असा:

"सखूबाई, माझी आई. आमच्या परसात. आषाढ महिना. बियाणं निवडताना."

शेवटी साल आकड्यात लिहायला विसरू नका. "गेल्या वर्षी" असं लिहिलं तर पुढे त्याला अर्थ राहत नाही. फोटो कोरड्या डब्यात ठेवा. ओल आलेल्या भिंतीला लावू नका.

आई नव्वदीला टेकली असेल, तर पुढच्या सणापर्यंत थांबू नका. उद्या सकाळी ती अंगणात बसली की तिच्याजवळ जा. विचारा. थोडा वेळ तिच्याशी बोला. मग फोटो काढा. आणि ती समोर आहे तोवरच तिचं माहेरचं नाव, तिच्या आईचं नाव विचारून फोटोमागे लिहून घ्या. ते सांगणारं दुसरं माणूस कदाचित घरात नसेल.