तुसाची धार आणि नोझलचा गळा

एचएमटी तांदूळ सगळ्यांना माहीत आहे. ते वाण निवडून वाढवणारे दादाजी खोब्रागडे नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्या धानाचं तूस मात्र राईस मिलच्या मेकॅनिकशिवाय कुणाच्या ध्यानात राहत नाही. धानाच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा तूस असतं आणि ते जाळून उरलेल्या राखेत 85 ते 95 टक्के सिलिका, म्हणजे वाळूचंच द्रव्य. तूस ओढून बाहेर फेकणाऱ्या ब्लोअरची पाती त्यामुळे कडेनं झिजत जातात आणि पाइपला भोक पडतं ते नेमकं वळणावर. कोळशाच्या बॉयलरमध्ये हेच दुखणं मोठ्या मापात असतं. आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर, आणि ती उडत जाताना नळ्या खरवडत जाते.

यावर एक उपाय म्हणजे लोखंडावर टंग्स्टन कार्बाइडचा पातळ लेप. जाडी मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांइतकी. पूड वितळवून ओतायची नाही, झोतातून मारायची. म्हणून याला थर्मल स्प्रे म्हणतात. त्यातली एचव्हीओएफ ही पद्धत 1980 च्या दशकात रुळली. गनमध्ये ऑक्सिजन आणि इंधन दाबाखाली जळतात, तापमान 3000 अंशांच्या आसपास जातं, आणि तो वायू एका अरुंद नोझलमधून सुटतो. लेप चांगला की वाईट, हे बरंचसं या वीतभर नळीत ठरतं.

बागेतल्या पाइपच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी जोरात उडतं. त्यामुळे वाट अरुंद केली की वेग वाढतो, एवढं आपल्याला कळतं. वायूच्या बाबतीत हा नियम ध्वनीच्या वेगापर्यंतच चालतो. गळ्याशी तो वेग गाठला, की पुढे वाट उलट रुंद करावी लागते, तेव्हाच वायू फुगत आणखी पळतो. आधी आवळणारी, मग पसरणारी ही नळी स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी वाफेच्या टर्बाइनसाठी वापरली. दुधातून साय वेगळी करणारं यंत्रही त्यांचंच!

किती रुंद करायची, याचं गणित काटेकोर आहे. साध्या हवेला ध्वनीच्या दुप्पट वेग द्यायचा तर तोंडाचं क्षेत्रफळ गळ्याच्या 1.69 पट लागतं. गळा 8 मिलिमीटरचा असेल तर तोंड सुमारे 10.4 मिलिमीटर. जळक्या वायूसाठी आकडे बदलतात, हिशेब तोच. हे प्रमाण आणि आतला दाब जुळले नाहीत, तर बाहेर पडलेला झोत हवेशी धक्के खात जातो. झोतात ओळीनं चकाकणारे मणी दिसतात ते या धक्क्यांचे. दिसायला देखणे, पण फार ठळक असतील तर तेवढी ताकद वाया जाते आहे.

एवढा वेग कशाला? टंग्स्टन कार्बाइड जास्त तापलं की त्यातला कार्बन जळतो आणि लेप ठिसूळ होतो. पण कणांना बांधून ठेवणारा कोबाल्ट मऊ झाल्याशिवाय ते चिकटतही नाहीत. म्हणून उष्णता बेतानं द्यायची आणि उरलेलं काम धडकेवर सोडायचं. सेकंदाला 500 ते 800 मीटरनं आलेला कण आपटून चपटा होतो आणि आधीच्या थरात घट्ट रुतून बसतो. जुन्या साध्या ज्वालेच्या गनमध्ये कण याहून पुष्कळ सावकाश येतात, आणि लेपात पोकळ्या राहतात. ज्या वेगामुळे तूस लोखंड खरवडतं, त्याच वेगानं कार्बाइड लोखंडाला धरून बसतं.

नोझलची लांबी हा खरा पेच. नळी लांब असेल तर कणाला तापायला आणि पळायला जास्त वेळ मिळतो. पण मऊ झालेले कण आतल्या भिंतीला चिकटतात, तिथे गोळा धरतो, आणि एखाद्या क्षणी तो सुटून लेपावर जाऊन बसतो. पूड बाजूनं सोडली तर तिला ढकलणाऱ्या वायूचा जोर नेमका हवा. जास्त झाला तर पूड पलीकडच्या भिंतीवर, कमी पडला तर अलीकडेच रेंगाळते.

मिलवाल्यानं मात्र लगेच खिशात हात घालू नये. गन जिथे सरळ पाहू शकते तिथेच लेप बसतो. वळणाच्या अरुंद पाइपच्या आत ती शिरतच नाही. तिथे जाड पत्रा किंवा हार्डफेसिंगची वेल्डिंग परवडते. पंख्याच्या पात्यांचा विचार करता येईल.

नोझलही झिजतंच. गळा मोठा झाला की आतला दाब उतरतो, भोक वाकडं झालं की झोत तिरका जातो. ते ओळखायला गन एका जागी धरून पत्र्यावर क्षणभर फवारा मारतात. ठिपका गोल आणि मधोमध आला तर काम सुरू. लांबट आला किंवा एका अंगाला सरकला, तर आधी नोझल उघडायचं.