उसनं भूत की घरचं भूत? हॅलोविनच्या चाहत्यांचा वाद आपल्याला काय शिकवतो



तुमच्या दुकानाच्या सजावटीवरून तुमचे दोन कस्टमर कधी आपसात भांडलेत का? एक म्हणतोय, "यंदा नुसतं विकतचं आणून लावलंय", आणि दुसरा म्हणतोय, "अरे, पण गर्दी बघ ना!" बहुतेक नसतील भांडले. आपल्याकडे कस्टमरला नाही पटलं तर तो काही न बोलता शेजारच्या दुकानात जातो.

पण अमेरिकेत एक इव्हेंट असा आहे, जिथे लोक पैसे देऊन घाबरायला येतात आणि घरी गेल्यावर वर्षभर भुतांच्या सजावटीवर वाद घालतात. दाराची कमान कशी होती, रस्त्यावरचा देखावा जागेला शोभत होता का, सिनेमातली भुतं जास्त झाली का. त्या वादात ब्रँडिंगचा एक मोठा धडा लपलाय. व्हिडिओत हे सगळं पाच मिनिटांत आटपावं लागतं. इथे जरा निवांत बोलू.

आधी धंदा समजून घ्या

३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो. भुताखेतांचे कपडे, कोरलेले भोपळे, मुलांना गोळ्या-चॉकलेटं, असा तो सण. पण थीम पार्कवाल्यांना त्यात एक धंदा दिसला. उन्हाळ्याची सुट्टी संपली की पार्कची गर्दी ओसरते. जागा तीच, स्टाफ आहे, खाण्याचे स्टॉल आहेत. मग रात्री वेगळं तिकीट लावून तोच पार्क भुतांचा केला तर?

हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केलं ते कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मने, १९७३ साली. त्या पार्कचा जन्मही लक्षात ठेवण्यासारखा आहे. वॉल्टर नॉट हे बेरी पिकवणारे शेतकरी. १९३४ मध्ये त्यांच्या पत्नी कॉर्डेलिया यांनी घरच्याच चिनी मातीच्या ताटल्यांत चिकनचं जेवण वाढायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी आठ गिऱ्हाइकं! पुढे एवढ्या रांगा लागायला लागल्या, की थांबलेल्या लोकांचा वेळ जावा म्हणून वॉल्टर यांनी १९४० मध्ये जुन्या वेस्टर्न गावाचा देखावा उभारायला घेतला. नाव दिलं घोस्ट टाउन. म्हणजे खानावळीच्या रांगेतून थीम पार्क जन्माला आला.

फ्लोरिडातल्या ऑर्लॅंडोमध्ये युनिव्हर्सलने १९९१ मध्ये असाच प्रयोग केला. तीन रात्री, एकच भुताचं घर. पुढच्या वर्षी त्याला नाव मिळालं हॅलोविन हॉरर नाइट्स. आज तिथे एका सीझनला १० घरं असतात, रस्त्यांवर भुतांचे वेगळे पट्टे असतात आणि इव्हेंट चाळीसहून जास्त रात्री चालतो. आपल्या जत्रेतला भूत बंगला आठवा. तोच, फक्त सिनेमाच्या सेटच्या दर्जाचा.

वाद पहिला: उसनी भुतं की घरची?

या घरांचे दोन प्रकार असतात. काही घरं गाजलेल्या सिनेमा-मालिकांवर बेतलेली, म्हणजे परवाना घेऊन वापरलेली नावं. काही घरं पार्कच्या डिझाइन टीमने स्वतःच्या डोक्यातून काढलेली. चाहत्यांमधलं सगळ्यात जुनं भांडण यावरूनच आहे.

'द वॉकिंग डेड' या मालिकेचंच घ्या. ऑर्लॅंडोत २०१२ ते २०१६ अशी सलग पाच वर्षं तिचं घर होतं. २०१३ मध्ये तर रस्त्यांवरचे सगळे पट्टेही याच मालिकेचे केले होते. जिकडे बघावं तिकडे तेच झोम्बी. मालिका तेव्हा जोरात होती, त्यामुळे नवख्या माणसाला ते ओळखीचं वाटलं. जुने चाहते मात्र वैतागले. त्यांचं म्हणणं, "दर वळणावर नवीन काहीतरी दिसावं म्हणून आम्ही येतो. हे तर टीव्हीवर बघतोच की!" पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, रस्त्यांवर चार वेगळे विषय होते आणि त्यातले दोन पार्कचे स्वतःचे होते.

आता दुसरी बाजूही ऐका. 'स्ट्रेंजर थिंग्ज'चं घर २०१८ मध्ये आलं, २०१९ मध्ये आणि २०२३ मध्ये पुन्हा आलं. २०२२ मध्ये तर द वीकेंड या गायकाच्या गाण्यांवर भुताचं घर बांधलं. "गायकाचं कसलं भूत?" म्हणून चर्चा झाली. पण विचार करा, ज्याने आयुष्यात कधी हॉरर बघितला नाही असा माणूससुद्धा त्या नावामुळे पोस्टरपाशी थांबतो. पोस्टर ओळखीचं असलं की अर्धी विक्री तिथेच होते.

इथे खरा मुद्दा येतो. पार्ककडे कस्टमर दोन प्रकारचे आहेत. एक जण सुट्टीत एकदाच येतो, त्याला ओळखीचं नाव लागतं. दुसरा फ्रीक्वेंट फिअर पास घेतो आणि त्याच सीझनमध्ये कितीतरी रात्री येतो. त्याला जे दुसरीकडे कुठेच मिळत नाही, ते हवं असतं. दोघांच्या अपेक्षा उलट्या आहेत, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणूनच हा वाद मिटत नाही, आणि मिटवायची गरजही नाही.

घरच्या भुताला जास्त मेहनत लागते

डिझाइनच्या बाजूने बघा. सिनेमावरच्या घरात प्रसंग हुबेहूब जमावे लागतात. थोडं चुकलं की चाहते बोट दाखवतात. पण एक सोय आहे, गोष्ट माणसाच्या डोक्यात आधीच असते.

स्वतःच्या कल्पनेच्या घराला ती सोय नाही. आत शिरताना दिसतो तो दर्शनी भाग, त्यानेच काही सेकंदांत सांगायचं असतं की तुम्ही कुठे आलात आणि का घाबरायचं. म्हणून चाहते दर्शनी भागावर एवढे तुटून पडतात. युनिव्हर्सलची काही घरं शूटिंगच्या उंच स्टुडिओत असतात, काही तंबूत. स्टुडिओत उंची मिळते, अख्खी इमारत उभी करता येते. तंबूत उंची कमी. हा फरक चाहते लगेच ओळखतात.

आणि जमलं की काय होतं? २०१८ मध्ये 'स्लॉटर सिनेमा' नावाचं घर आलं. कल्पना अशी, की तुम्ही गाडीत बसून सिनेमा बघायच्या जुन्या थिएटरमध्ये आहात आणि तिथल्या टुकार भयपटांत एकामागून एक शिरताय. त्यातला एकही सिनेमा खरा नाही, सगळे टीमने रचलेले! ते लोकांना इतकं आवडलं, की २०२४ मध्ये त्याचा दुसरा भाग आला. परवान्याची एकही सही न घेता त्यांनी स्वतःचं नाव तयार केलं.

वाद दुसरा: जागेला शोभतंय का?

नॉट्सकडे परत जाऊ. घोस्ट टाउनमध्ये रात्री भरपूर धूर सोडला, दिवे मंद केले की निम्मं काम होतं, कारण लाकडी जुनं गाव मुळातच तिथे आहे. धुरातून कलाकार धावत येतात आणि गुडघ्यांवर घसरत, ठिणग्या उडवत तुमच्या पायाशी येऊन थांबतात. घसरण्याची ही पद्धत तिथेच जन्मली. तिथे जागेची स्वतःची ताकद आणि माणसाचं कसब यांवरच खेळ उभा आहे.

डिस्नेलॅंडमधला वाद याच्या उलट्या टोकाचा. तिथला हॉंटेड मॅन्शन १९६९ चा, लोकांच्या जिवाभावाचा. २००१ पासून दरवर्षी काही महिने त्याच्यावर 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' या सिनेमाचा साज चढतो. काही जण फक्त त्यासाठी येतात आणि नाचाच्या हॉलमधलं दरवर्षी बदलणारं जिंजरब्रेडचं घर बघतात. काही जण म्हणतात, ऐन हॅलोविनला मूळ भूत बंगलाच बघायला मिळत नाही, हा काय न्याय? फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममधल्या हॉंटेड मॅन्शनला मात्र हा साज चढवत नाहीत.

वाद तिसरा: आगगाडी

तिसरी तक्रार सगळ्यांचीच. गर्दीच्या रात्री भुताच्या घरात लोकांना न थांबता, एकामागून एक सोडतात, आगगाडीच्या डब्यांसारखं. मग पुढच्या माणसावर भूत आलेलं मागच्याला आधीच दिसतं. त्याची भीती गेली, म्हणजे त्याचे पैसेही गेले! थोडे थोडे लोक सोडले तर मजा वाढते, पण बाहेरची रांग तासाने लांबते. उत्तम सजावटसुद्धा गर्दीच्या नियोजनाअभावी मार खाते, हे लिहून ठेवा.

मग आपण काय घ्यायचं?

माझं मत स्पष्ट आहे. उसनं नाव दारापर्यंत आणतं, घरचं नाव पुन्हा आणतं. धंद्याला दोन्ही लागतात, पण यजमान आपणच असलं पाहिजे.

याचा नमुना खुद्द युनिव्हर्सलने दाखवलाय. २००० मध्ये त्यांनी जॅक नावाचा विदूषक तयार केला, पूर्ण स्वतःचा. २००७ मध्ये त्यांनी फ्रेडी क्रूगर, जेसन, लेदरफेस असे सिनेमातले मोठे खलनायक आणले. पण त्या जत्रेचा सूत्रधार कोण? जॅक! पाहुणे मोठे, यजमान घरचा. हाच जॅक २०१५ मध्ये पंचविसाव्या आणि २०२१ मध्ये तिसाव्या इव्हेंटला परत आला. परवाने येतात आणि संपतात. जॅक कुठे जाणार? तो घरचाच आहे.

आता तुमच्याकडे या. सिनेमा गाजला की त्याच्या नावाची थाळी काढणं, मालिकेतल्या पात्राच्या नावाने साडी विकणं, हे आपण बघतोच. आधी एक सावधगिरी: युनिव्हर्सल परवाना घेऊन नावं वापरतं. दुसऱ्याचं नाव, लोगो, फोटो विचारल्याशिवाय बॉक्सवर छापलात तर नोटीस येऊ शकते. आणि नोटीस नाही आली, तरी पुढच्या वर्षी तो सिनेमा विसरला गेल्यावर तुमच्याकडे काय उरतं?

या आठवड्यात एवढं करा:

१. वहीत दोन रकाने आखा. एकदाच येणारे कस्टमर आणि परत परत येणारे कस्टमर. प्रत्येक रकान्यासमोर लिहा, तो तुमच्याकडे नेमकं कशासाठी येतो.

२. दुकानाच्या किंवा पॅकिंगच्या दर्शनी भागाचा फोटो काढा आणि अनोळखी माणसाला पाच सेकंद दाखवा. तुम्ही काय विकता हे त्याला सांगता आलं का?

३. तुमचा "जॅक" शोधा. एखादा पदार्थ, बांधण्याची पद्धत, एखादं वाक्य, जे फक्त तुमचं आहे. दिवाळीच्या ऑफरमध्ये बाकी काहीही बदला, पण तो पुढे उभा ठेवा.

४. गर्दीच्या दिवशी स्वतः रांगेत उभे राहा. शेवटच्या माणसाला पहिल्याइतकीच मजा येते का, ते बघा.

आणि शेवटचं. जो कस्टमर म्हणतो, "मागच्या वर्षीचं जास्त छान होतं", त्याच्यावर चिडू नका. त्याला मागचं वर्ष आठवतंय! अशा माणसाला चहा पाजा आणि विचारा, "दादा, ताई, नेमकं काय छान होतं?" उत्तर लिहून घ्या. त्या वाक्यात तुमचा पुढचा सीझन दडलेला असतो.

तुमचा "जॅक" कोणता, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जोरात चालू द्या!