न भरणारा मुखपाक आणि पेशींची सैल झालेली पकड

तोंड आल्याची तक्रार आपणा सर्वांच्या नित्य परिचयाची. त्रिफळ्याच्या गुळण्या, खदिरादि वटी व पथ्य यांनी बहुतेकांस आठ-दहा दिवसांत उतार पडतो. महिना उलटूनही ज्यांच्या जखमा भरत नाहीत, अशा रुग्णांविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. कारण त्यांतील काहींना पेम्फिगस व्हल्गॅरिस हा गंभीर व्याधी असू शकतो.

त्वचा व मुखातील अंतस्त्वचा यांच्या पेशी डेस्मोसोम नामक सूक्ष्म सांध्यांनी परस्परांस जखडलेल्या असतात. या सांध्यांतील डेस्मोग्लीन हे प्रथिन कॅडहेरिन कुळातले. कॅल्शियमवाचून या कुळाची पकड टिकत नाही. प्रथिनाचे एक टोक पेशीबाहेर शेजारच्या पेशीला धरते, दुसरे आत केराटिनच्या तंतूंशी जोडलेले असते. त्यामुळे बाहेर घडलेल्या बदलाची वर्दी आत पोहोचते. ‘श्लिष्’ धातूपासून सिद्ध झालेल्या श्लेष्म्याचे स्मरण येथे कोणासही होईल. तथापि कॅडहेरिन म्हणजेच कफ, असे समीकरण मांडणे आम्हांस उचित वाटत नाही.

पेम्फिगसमध्ये शरीर स्वतःच्याच डेस्मोग्लीनविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. ती केवळ पकडीच्या आड येतात असे नाही. ती चिकटताच पेशीत पी-३८ आदी संदेशवाहक प्रथिने जागृत होतात, डेस्मोग्लीन आत ओढले जाते, केराटिनचे तंतू आक्रसतात आणि पेशी सुट्या होतात. मुखात मुख्य भिस्त डेस्मोग्लीन-३ वर असते. त्वचेत डेस्मोग्लीन-१ काही काळ उणीव भरून काढते. म्हणूनच व्याधी बहुधा मुखात प्रथम प्रकटतो व अंगावरील फोड कित्येकदा काही महिन्यांनी येतात.

मुखातील फोड तत्काळ फुटत असल्याने वैद्यास दिसतात ते वेडेवाकडे, सोललेले, वेदनायुक्त व्रण. नेहमीच्या मुखपाकाचे व्रण लहान, गोल व लाल कडेचे असतात. शंका येताच त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवून बायॉप्सी व इम्युनोफ्लुओरेसन्स तपासणी करवावी. औषधविक्रेत्यांनीही तोंडाला लावण्याचे मलम वारंवार नेणाऱ्या गिऱ्हाइकाची विचारपूस करावी. पेनिसिलामाइन व कॅप्टोप्रिल या औषधांनीही हा व्याधी उद्भवू शकतो.

१९५० च्या दशकात स्टेरॉइड उपलब्ध होण्यापूर्वी यातील बहुसंख्य रुग्ण दगावत. आज रिटुक्सिमॅबही हाताशी आहे. निदान झालेला रुग्ण आपल्याकडे आला, तर त्याचे स्टेरॉइड एकाएकी कदापि बंद करवू नये. मात्रा कमी करणे ती देणाऱ्या तज्ज्ञाकडेच सोपवावे.