तुरटीचा खडा आणि रानातले मीठ

शाळांना दिवाळीची सुटी लागली की पहिले चार-सहा दिवस किल्ल्यात जातात. किल्ल्यावर मावळे मांडून झाले की मुले आईच्या पाठीमागे लागतात, "आता काय करू?" अशा वेळी त्यांच्या हाती तुरटी द्यावी. गढूळ पाणी निवळायला आणि दाढीनंतर गालावर फिरवायला ती घरात असतेच. तिच्यापासून हिऱ्यासारखे दिसणारे स्फटिक घरच्या कोनाड्यात वाढवता येतात.

पन्नास ग्रॅम तुरटी कुटून घ्या. काचेच्या पेल्याभर कडकडीत पाण्यात ती ढवळून विरघळवा, फडक्यातून गाळा आणि पेला रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी चकचकीत खडे बसलेले दिसतील. गरम पाण्यात जेवढी तुरटी मावते तेवढी थंड पाण्यात मावत नाही, म्हणून जास्तीची बाहेर पडते. त्यातला एकच सुबक, हरभऱ्याएवढा खडा निवडा. हे आपले बी. वरचे पाणी दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून घ्या, बियाला नायलॉनचा बारीक दोरा बांधा आणि पेल्यावर आडव्या काडीवरून ते पाण्यात मधोमध लोंबते सोडा. वर कागद झाका, त्याला चार भोके पाडा.

आता घाई करायची नाही. पाणी हळूहळू उडते आणि तुरटी बियावर थरावर थर चढवते. दोन-तीन आठवड्यांत बोराएवढा, आठ सपाट बाजूंचा खडा तयार होतो. कोणीही न घासता त्या बाजू इतक्या सरळ कशा आल्या, असे मुले विचारतील. तुरटीचे कण भिंतीतल्या विटांसारखे ठरावीक रचनेनेच बसतात, म्हणून.

पेला चुलीजवळ किंवा उन्हाच्या पत्र्याखाली ठेवू नका. दुपारी पाणी तापले की वाढलेला खडा पुन्हा विरघळतो आणि मुलांचे तोंड उतरते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवाच ओली, पाणी उडतच नाही. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. दोऱ्यावर बारीक खडे धरले तर ते खरवडून काढावेत, नाहीतर खाऊ एक आणि खाणारी तोंडे दहा अशी गत होते. तयार खडा पुसून त्यावर नखांचे बिनरंगी पॉलिश लावले की तो कोरड्या हवेत पांढरा पडत नाही. बोरीची वाळकी फांदी गरम द्रावणात बुडवून रात्रभर ठेवली, तर ती अंगभर खड्यांनी मढते आणि पणतीच्या उजेडात फार सुरेख दिसते. हळद घालून रंगीत करायला मात्र जाऊ नका. हळद पाण्यात विरघळत नाही, नुसता गाळ होतो.

निळ्या खड्यांचा मोह होईल, कारण मोरचूद बहुतेक बागायतदारांच्या घरात असते. बोर्डो मिश्रणासाठी आणलेले ते मोरचूद मुलांच्या हाती देऊ नये. ते विष आहे, आणि त्याचे खडे थेट खडीसाखरेसारखे दिसतात. खताच्या गोणीतले काही घेऊनही हा खेळ करू नये.

खाण्याजोगा खडा हवा असेल तर साखर आहेच. एक वाटी पाण्यात तीन वाट्या साखर गरम करून विरघळवा, निवल्यावर साखर चिकटवून वाळवलेला सुती दोरा त्यात सोडा. आठवडाभरात खडीसाखर धरू लागते. कारखान्यातही बी लागतेच. आटवलेल्या रसात साखरेची बारीक पूड सोडतात आणि तिच्यावर दाणा वाढतो. गुळाचे असे खडे का होत नाहीत? गुळात साखरेखेरीज इतर बरेच काही असते, ते कणांना रांगेत बसू देत नाही. तरी काकवीची बरणी बरेच दिवस राहिली की तळाशी खडे लागतात, हे घरातल्या बायकांनी पाहिलेले असते.

मीठ याहून वेगळे. ते गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा किंचितच जास्त विरघळते, म्हणून निवून त्याचे खडे पडत नाहीत. पाणी उडाले तरच पडतात. आणि इथे हा खेळ आपल्या रानात येऊन पोचतो.

विहिरीच्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असले तर ते खारट लागतही नाही. पण एकरभर उसाला तीन इंचांची पाळी दिली म्हणजे तीन लाख लिटर पाणी झाले. त्यात दीडशे किलो क्षार, म्हणजे पन्नास किलोची तीन पोती. ऊस पाणी पितो, ऊन पाणी उडवते आणि क्षार बहुतेक मागेच राहतात. निचरा असला तर ते खाली वाहून जातात. निचरा तुंबला की पाण्याची पातळी वर येते आणि मातीवर पांढरी पापडी धरते. शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठची कितीतरी काळी रानं अशीच क्षारपड झाली.

मुलांना हे दाखवायला प्लॅस्टिकचे दोन डबे पुरतात. एकाच्या बुडाला भोक पाडा, दुसऱ्याला नको. दोन्हींत थोडी वाळू मिसळलेली माती भरा, सारखेच मिठाचे पाणी घाला आणि उन्हात ठेवा. पापडी धरली की दोन्हींत गोडे पाणी घालत जा. भोकाच्या डब्यातून गळणारे पाणी ताटलीत धरून वाळवा. ताटलीत मिठाचे चौकोनी खडे मिळतात; भिंगातून ते फासे ठेवल्यासारखे दिसतात. बिनभोकाच्या डब्यात मात्र पापडी पुन्हा पुन्हा येते.

शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या भागात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले. तेच हे भोक. रान चोपण असेल तर निचऱ्याबरोबर जिप्समही लागते, म्हणून आधी माती तपासून घ्यावी. पापडी दिसली म्हणून अंदाजाने जिप्सम टाकणारे मी बरेच पाहिले. निचरा नसेल तर तो पैसा वाया जातो.

त्याच तालुक्यातल्या एका शाळेत मी हे डबे मांडले होते. सातवीतल्या एका मुलीने ते घरी करून पाहिले आणि वडिलांना म्हणाली, "आबा, आपल्या रानाला भोकच नाही." त्या गृहस्थांनी मला बोलावून घेतले. बांधाकडेची जुनी चर खालच्या तिघांच्या रानांतून ओढ्याला जात होती आणि तिघांनीही ती बुजवून ऊस लावला होता. त्या संध्याकाळी आम्ही पहिल्याच्या घरी गेलो. चहा झाला, पण चरीचे बोलणे निघताच तो उठून गोठ्यात गेला. दुसरा म्हणाला, "तिसरा उकरत असेल तर मीही उकरतो." तिसऱ्याच्या रानाच्या खालच्या अंगाला पांढरे दिसू लागले होते. तो लगेच तयार झाला.