शेजारणीने दिलेला पाण्यातला तांदूळ

२०२५ चा रमजान आम्ही दोघांनी लेकीच्या घरी, अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात काढला. मार्च महिना, बाहेर कडाक्याची थंडी, आणि मगरिबची वेळ संध्याकाळी सव्वासातच्या आसपास. लेक आणि जावई दोघेही नोकरीला. इफ्तारच्या जेमतेम अर्धा तास आधी घरात पाऊल टाकायचे. त्यामुळे स्वयंपाकघराचा ताबा आमच्याकडे आला, आणि त्याबरोबर ओट्यावरच्या स्लो कुकरचाही.

एका दुपारी समोरच्या दारातल्या बाई एक झाकणाचा वाडगा आणि कागदी पिशवी घेऊन आल्या. वय सत्तरीच्या पुढचे. त्या ओजिब्वे, म्हणजे त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी. वाडग्यात मेपलच्या झाडाच्या रसाची साखर होती आणि पिशवीत तपकिरी, बारीक, लांबट दाणे. भाच्यांनी तळ्यातून काढलेला तांदूळ आहे, संध्याकाळी उपवास सोडताना खा, एवढेच सांगून त्या गेल्या.

शेजारचे भांडे रिकामे परत करायचे नाही ही आपल्या घरांतली रीत. रस्सा शिजवताना पाणी थोडे जास्त घालून शेजाऱ्यापर्यंत पोहोचवण्याची हदीसमधली ताकीदही लहानपणापासून कानावर पडलेली. तेव्हा ठरले, येत्या शुक्रवारी त्यांना इफ्तारला बोलवायचे, त्यांचाच तांदूळ शिजवून वाढायचा आणि वाडगाही भरून द्यायचा.

लेकीच्या कपाटात स्लो कुकरसोबत आलेली पुस्तिका होती. त्यात 'वाइल्ड राइस'ची कृती सापडली: दीड कप तांदूळ, साडेचार कप पाणी किंवा रस्सा, मंद आचेवर पाच तास. आम्ही अगदी मापाने सगळे घातले, जोहरची नमाज झाल्यावर बटण दाबले आणि निर्धास्त झालो. झाकण वारंवार उघडू नये असे पुस्तिकेत बजावले होते, म्हणून तेही केले नाही. खजूर-पाण्याने रोजा उघडला, मगरिब पढून सगळे दस्तरखानावर बसले आणि झाकण काढले. आत पेज होती. लहान मुलाला भरवतो त्या खिमटातही दाणा हाताला लागतो, इथे तोही नव्हता.

पाहुण्या बाईंनी भांड्यात डोकावून पाहिले आणि खळखळून हसल्या. ''याला एवढा वेळ कुणी बसवून ठेवत नाही,'' त्या म्हणाल्या. लेकीने भाषांतर करून सांगेपर्यंत आम्हाला अर्थ कळला होता. त्यांनी ती पेज चवीने खाल्लीही. पण निम्मी पिशवी आम्ही वाया घालवली होती. बाजारातून आणलेली वस्तू असती तर एवढे लागले नसते. दुसऱ्याच्या घरची मेहनत आपल्या हातून बिघडली, ही टोचणी त्या रात्री तरावीहनंतरही गेली नाही.

चूक कुठे झाली ते बाईंनीच समजावले. एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. आमच्या पुस्तिकेत होती ती दुकानातली काळीभोर, चकचकीत जात. तिला साध्या पातेल्यात पाऊण ते एक तास लागतो. बाईंच्या पिशवीतली हाताने भाजलेली, वीस-पंचवीस मिनिटांत शिजणारी. काळ्याची वेळ आम्ही तपकिरी दाण्याला लावली, मग दुसरे काय होणार?

हा दाणा तसा तांदूळ नव्हेच. आपल्याकडे तळ्याच्या काठाने आपोआप उगवणारा देवभात हा भाताचा सख्खा भाऊ. अमेरिकेतला हा दाणा झिझेनिया नावाच्या पाणगवताचा. भाताचा लांबचा नातेवाईक म्हणता येईल. ओजिब्वे लोक त्याला 'मनोमिन' म्हणतात. पूर्वेकडून निघालेल्या त्यांच्या पूर्वजांना, जिथे अन्न पाण्यावर उगवते तिथे थांबा, असा संकेत मिळाला होता, अशी त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीकत आहे. ते अन्न त्यांना मोठ्या सरोवरांच्या मुलखात, उथळ तळ्यांत सापडले. आजही लग्नात, मयतीत, सणात त्यांच्याकडे मनोमिन असते.

ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात दाणा पिकतो. एका होडक्यात दोघे बसतात. एकजण लांब बांबूसारख्या काठीने होडके पुढे रेटतो, दुसऱ्याच्या हातात दोन हलके दांडके. एकाने उंच गवत होडक्यावर वाकवायचे आणि दुसऱ्याने हळूच थोपटायचे. पिकलेला दाणा होडक्यात पडतो, कच्चा गवतावरच राहतो. काही दिवसांनी पुन्हा यायचे. काही दाणे पाण्यात पडतात ते पुढच्या वर्षीचे बी. जोराने झोडपले तर कच्चे पीक आणि गवत दोन्ही जाते, म्हणून मिनेसोटा राज्याच्या नियमात दांडक्याचेही माप ठरलेले आहे: लांबी ३० इंचांपेक्षा जास्त नको आणि वजन एक पौंडापेक्षा. मग दाणे वाळवायचे, लोखंडी कढईत लाकडाच्या आचेवर सतत हलवत भाजायचे, मऊ चामड्याचे जोडे घालून तुडवून टरफल सोडवायचे आणि बर्च झाडाच्या सालीच्या सुपात पाखडायचे. भाजताना आणि तुडवताना वरचे कठीण आवरण बऱ्यापैकी खरवडले जाते. पाणी लवकर आत शिरते, म्हणून तो लवकर शिजतो. सूप, पाखडणे, कढईतले भाजणे हे ऐकताना आम्हाला पोह्यांसाठी भात भाजणाऱ्या घरच्या म्हाताऱ्या आठवल्या.

काळ्या दाण्याची गोष्ट निराळी. १९५० नंतर मिनेसोटात बांध घालून, पाणी साठवून त्याची शेती सुरू झाली. दाणे गळणार नाहीत असे वाण विद्यापीठाने तयार केले. कापणीआधी पाणी सोडून देतात आणि यंत्राने पीक काढतात. कापलेला माल ओला ठेवून मुरवतात, त्यात तो काळा पडतो, मग यंत्रात भाजतात. कॅलिफोर्नियातही त्याची मोठी शेती आहे. खायला तो वाईट नाही, पण 'वाइल्ड' म्हणजे रानातला म्हणावा तर ते नाव त्याला शोभत नाही. मिनेसोटात तरी, शेतात पिकवलेला असेल तर तसे पाकिटावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. स्वस्त काळा माल तळ्यातल्या दाण्याच्या नावाने खपू लागला की होडक्यात बसणाऱ्याच्या पोटावर पाय येतो. मापात खोट नको, मालातले वैगुण्य झाकू नका, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

खुद्द तळीही सुरक्षित नाहीत. पाण्याची पातळी थोडी वरखाली झाली तरी हे गवत मरते. खाणींतून येणाऱ्या सल्फेटचा चिखलात सल्फाइड होतो आणि मुळांना बाधतो. म्हणून १९७३ मध्ये राज्याने या तळ्यांच्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. ती पाळण्यावरून अजून भांडण चालू आहे. १८३७ च्या करारात ओजिब्वेंनी जमीन दिली, पण शिकार, मासेमारी आणि मनोमिन गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. तो हक्क शाबूत असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली दिला. मधली एकशे बासष्ट वर्षे कशी गेली असतील, ते बाई फार बोलल्या नाहीत. आम्हीही खोदून विचारले नाही.

आता स्लो कुकरकडे. विजेवर तापणारे आवरण आणि आत जाड चिनीमातीचे भांडे, एवढेच हे यंत्र. शिकागोतले एक ज्यू इंजिनिअर आयर्विंग नॅक्सन यांना १९४० मध्ये त्याचे पेटंट मिळाले. त्यांच्या आईच्या माहेरच्या गावी, लिथुआनियात, शुक्रवारी सूर्यास्ताआधी मांस, कडधान्य आणि बटाट्याचे भांडे भटारखान्याच्या विझत्या भट्टीत ठेवायचे आणि शनिवारी काढायचे, कारण सब्बाथला चूल पेटवायची नाही. ती हकीकत ऐकून त्यांना हे सुचले, असे सांगतात. पुढे १९७१ मध्ये ते 'क्रॉक-पॉट' नावाने घराघरांत गेले. आपला खिचडा आणि रात्रभर मुरणारी नहारी यांच्याच जातीचा हा विचार, त्यामुळे रोजेदाराच्या घरात ते यंत्र परके वाटत नाही.

पण त्याचे स्वभाव ओळखावे लागतात. त्यात कांदा लाल होत नाही. कच्चा घातला तर शेवटपर्यंत कच्चट वास राहतो. वाफ बाहेर जात नाही, म्हणून पाणी आटण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. झाकण एकदा उघडले की वीसेक मिनिटे वाढली असे समजावे. आणि रोज्यात चव पाहायची नसते, तेव्हा जिभेऐवजी डोळ्यांनी पारखायचे. इथे हा दाणा फार सोयीचा आहे. तयार झाला की काळे आवरण उभे फाटते आणि आतला फिकट भाग दिसतो. निम्म्याहून जास्त दाणे फाटले की झाले. सगळेच फाटून बाहेरच्या बाजूला वळले तर उशीर झाला.

दुसऱ्या शुक्रवारी आम्ही दुकानातून काळा दाणा आणला, पाकिटावरची बारीक अक्षरे वाचून. दीड कप दाणे (कप २४० मिलीचा) तीनदा धुतले. एका मोठ्या कांद्याचे बारीक तुकडे, चार लसूण पाकळ्या आणि एक गाजर दोन चमचे लोण्यात तव्यावर मऊ करून घेतले. पावशेर मशरूम त्याच तव्यावर पाणी सुटून आटेपर्यंत परतली. सगळे कुकरमध्ये, वर साडेचार कप कोंबडीचा रस्सा, एक तमालपत्र, मिरी. मीठ अर्धा चमचाच, कारण रस्स्यात असतेच. मोठ्या आचेवर अडीच तासांनी पहिल्यांदा झाकण उघडले, तेव्हा तिसरा हिस्सा दाणे फाटले होते. आणखी चाळीस मिनिटे दिली. राहिलेला रस्सा चाळणीतून गाळून घेतला, तो दुसऱ्या दिवशी डाळीत गेला. शेवटी मूठभर सुक्या क्रॅनबेरी आणि भाजलेले बदामाचे काप. क्रॅनबेरी आधी घातल्या तर फुगून बेचव होतात. सहाजणांना भाजलेल्या कोंबडीबरोबर पोटभर पुरले. हा दाणा शिजून तिप्पट-चौपट होतो आणि प्रथिने साध्या पांढऱ्या तांदळाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने थोड्यात तृप्ती होते.

रस्सा मात्र घरचा. तिथल्या पाककृतींत डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा वाइन सर्रास असते, आणि तयार रस्स्याच्या डब्यातली कोंबडी कशी कापली ते कळायला मार्ग नाही. मिनियापोलिसमध्ये सोमाली मुस्लिमांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे हलाल दुकाने जवळच. तिथून आणलेल्या कोंबडीची हाडे आदल्या रात्री याच कुकरमध्ये मंद आचेवर ठेवली, सहेरीला उठलो तेव्हा रस्सा तयार.

आणि बाईंच्या पिशवीतला उरलेला दाणा? तो स्लो कुकरमध्ये घातलाच नाही. एक कपाला सव्वादोन कप पाणी, चिमूट मीठ, साध्या पातेल्यात झाकण ठेवून बावीस मिनिटे. विस्तव बंद करून दहा मिनिटे तसाच मुरू दिला. चहाच्या पानांसारखा, धुरकट वास घरभर पसरला. मसाला काहीच घातला नाही. घालावासा वाटलाही नाही. ज्यांना हा दाणा यंत्रातच करायचा असेल त्यांनी आधी भाज्या आणि रस्सा चांगला कढत होऊ द्यावा आणि इफ्तारच्या तासभर आधी दाणे घालावेत, त्याहून लवकर नाही.

तो वाडगाभर भात घेऊन लेक समोरच्या दारात गेली. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या चमचाभर खाल्ला. ''मीठ कमी आहे,'' म्हणाल्या, ''पण या वेळी दाणा दिसतोय.''

ईदच्या सकाळी वाडगा पुन्हा आमच्या दारात आला, आत मेपलची साखर. त्यातली थोडी शीरखुर्म्यात घालून पाहिली, रंग जरा तांबूस आला, आणि वाडगा तोच शीरखुर्मा भरून परत गेला.