टॉवर दिसतो, मग रेंज का नाही?



ऊसतोडीचा निरोप पूर्वी चिटबॉय सायकलवरून आणीत असे. आता तो मोबाईलवर येतो. काट्यावरचे वजन मोबाईलवर, बँकेचा ओटीपीही मोबाईलवर. त्यामुळे गट ऑफिसात खताइतकीच चौकशी हल्ली रेंजची होते. "साहेब, टॉवर घरावरनं दिसतोय, पण नेट काय हलत नाही. असं का?" प्रश्न रास्त आहे.

आपल्या कारखान्याचे गाळप वाढवायचे म्हणजे नुसती नवी मिल बसवून भागत नाही. बॉयलर, पॅन, सेंट्रिफ्युगल, गाड्यांचा अड्डा, सगळेच वाढवावे लागते. मोबाईल कंपनीचेही तसेच आहे. टॉवर ही नुसती गव्हाण समजा.

टॉवरच्या माथ्यावर बहुधा तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात. प्रत्येक दिशेची क्षमता ठरलेली, आणि ती त्या बाजूच्या सगळ्या फोनांत वाटली जाते. हंगामात टोळ्या येतात, कोप्या पडतात, संध्याकाळी सारे एकदम व्हिडिओ लावतात. रेंजच्या काड्या भरलेल्या, पण वाटा मात्र चिमूटभर! एसएमएस अगदी लहान असल्याने तो अशा गर्दीतूनही बहुतेक वेळा निघतो. फोन बंद किंवा रेंजबाहेर असला, तर मात्र तो वाट पाहत राहतो आणि रेंज आली की पोचतो.

लहरींचेही प्रकार आहेत. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. पण तिथे कंपन्यांच्या वाट्याला पट्टा थोडाच येतो, म्हणून माल कमी वाहतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झला माल भरपूर, पण पल्ला कमी. उभ्या ओल्या पिकातून त्या क्षीण होतात, आणि पत्र्याच्या घरात तर विचारूच नका. म्हणून गावात जोरात चालणारे ५जी मळ्यात गेल्यावर गळते.

आता खरी मेख. टॉवरपर्यंत आलेला माल पुढे न्यायचा कसा? टॉवरवर ढोलासारखी गोल थाळी दिसते ना, ती दुसऱ्या टॉवरशी बिनतारी बोलते. २जीच्या बोलण्याला ते पुरे होते. ४जी-५जीला जमिनीखालची फायबर केबल असलेली बरी. फायबर नसेल तर वर नवे यंत्र चढवूनही उपयोग बेताचाच. चारीचे दार रुंद केले, पण वरचा फाटा अरुंद राहिला, त्यातला प्रकार. आणि आलेली फायबर आपणच पाइपलाइनसाठी जेसीबी लावून तोडतो, हेही कबूल केले पाहिजे. खोदण्यापूर्वी कळविण्यासाठी सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप काढले आहे. शिवाय वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी जुनी असेल तर तासाभरात सगळी वस्ती मुकी.

जुन्या फोनचे काय, असेही विचारतात. लहरींचा पट्टा जमिनीसारखा मोजका. नवी लागण करायची तर खोडवा मोडावा लागतो. एअरटेलने २०१९-२० मध्ये ३जी मोडून तो पट्टा ४जीला दिला, २जी मात्र ठेवले. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आली ती ४जी घेऊनच. जुना बटणाचा २जी फोन तिच्यावर चालतच नाही. भारत संचार निगम फार मागे राहिली. बाकीच्यांचे ५जी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाले, आणि निगमच्या देशी बनावटीच्या ४जीचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशात झारसुगुडा येथे झाले, सुमारे ९७,५०० टॉवरांसह. रेडिओ यंत्रे तेजस नेटवर्क्सची, मुख्य केंद्राची यंत्रणा सी-डॉटची, जुळणी टीसीएसची. उशीर झाला हे खरेच. पण यंत्रही आपले आणि दुरुस्तीही आपली, याची किंमत कारखाना चालवणाऱ्याला सांगायला नको.

एक धोक्याची सूचना. "तुमच्या रानात टॉवर बसवतो, दरमहा मोठे भाडे, आधी डिपॉझिट भरा," असा फोन किंवा पत्र आले तर एक पैसाही देऊ नका. टॉवरच्या जागेसाठी ट्राय ना-हरकत दाखला देत नाही, आणि कर किंवा फीही घेत नाही. तसला दाखला कोणी दाखवला तर तो बनावट समजा. जागा हवी असलेली खरी कंपनी भाडे देते, मागत नाही. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा.

रेंजची तक्रार १९८ वर करावी आणि तक्रार क्रमांक वहीत टिपून ठेवावा. नुसते "रेंज नाही" म्हणू नये. वस्ती कोणती, वेळ कोणती, घरात की रानात, काड्या किती, वीज होती का, शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनला काय होते, हे सांगावे. काड्या भरलेल्या असून नेट अडते, की काड्याच नाहीत, हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याला क्षमता किंवा फायबर वाढवावी लागते, दुसऱ्याला नवा टॉवर किंवा लांब पल्ल्याची लहर. कोणत्या कंपनीची सेवा कुठवर पोचते याचे नकाशे कंपन्यांना आता आपल्या वेबसाइटवर द्यावे लागतात. घरच्या शिकणाऱ्या मुलांकडून आपली वस्ती त्यात बघून घ्यावी. नकाशात रेंज आणि रानात नाही, असे आढळले तर तक्रारीत ते आवर्जून लिहावे.